‘फॅट किती लागली?’ साध्या डिझाइनविषयी एक लांबलचक उत्तर

प्रश्न थोडक्यात असा आहे: ‘उपयोजित कलेची पदवी घेऊन दोन वर्षं झाली. पुण्यात एका कंपनीत अ‍ॅपचे स्क्रीन करतो. प्रत्येक बैठकीत दोनच वाक्यं ऐकू येतात, “साधं ठेव” आणि “युजरला विचारलंस का?” सगळंच साधं करायचं आणि तेही लोकांना विचारून, तर माझ्या कल्पकतेला काम काय उरतं? आणि हाताशी पैसे नसताना, वेळ नसताना हा युजर रिसर्च करायचा तरी कसा?’

शेवटच्या भागाचं उत्तर सोपं आहे, पहिल्याचं नाही. म्हणून आधी माझं एक फसलेलं काम सांगते.

पश्चिम महाराष्ट्रातल्या गावोगावच्या दूध संस्थांना हिशेबाचं सॉफ्टवेअर पुरवणाऱ्या एका छोट्या कंपनीसाठी मी काही वर्षांपूर्वी दूध उत्पादकांचं अ‍ॅप करत होते. डेअरीला दूध घालणाऱ्याला रोजचं माप, दर आणि बिल मोबाइलवर दिसावं, एवढंच काम. तेव्हा मला या धंद्यात पंधराएक वर्षं झाली होती, म्हणजे चुका आत्मविश्वासाने करण्याइतकी मी मुरले होते. संस्थेची पावती हातात घेतली. चार बोटं रुंदीचा थर्मल कागद आणि त्यावर कोड नंबर, तारीख, सत्र, गाय की म्हैस, लिटर, फॅट (दुधातली स्निग्धता), एसएनएफ (स्निग्धता सोडून दुधातले बाकीचे घन घटक), दर, रक्कम, सगळं एकमेकांच्या अंगावर पडलेलं. मनात म्हटलं, काय ही गर्दी! दूध घालणाऱ्याला शेवटी हवं काय, तर पैसे किती झाले. मी पहिल्या स्क्रीनवर एकच आकडा ठेवला. मोठ्ठा, हिरवा, आजची रक्कम. बाकी सगळं ‘तपशील’ नावाच्या बटणामागे ढकललं. भोवती ऐसपैस मोकळी जागा. ऑफिसात सगळ्यांनी माना डोलावल्या, मीही स्वतःवर खूश होते.

मग एका पहाटे संकलन केंद्रावर गेले. रांगेत किटल्या, कॅन, कुणाच्या हातात नुसती बरणी. पुढे उभ्या असलेल्या एका काकूंच्या हातात फोन दिला. त्यांनी स्क्रीन पाहिला, मान तिरकी केली आणि विचारलं, “पण फॅट किती लागली?” मी म्हटलं, “आत आहे की, इथं दाबा.” त्यांनी दाबलं नाही. फोन माझ्या हातात ठेवला आणि मुठीतली पावती उलगडून पाहिली. त्यांच्यामागच्या दादांनी तेच केलं. त्यांच्यामागच्या आजोबांनी तर फोन हातातही घेतला नाही, लांबूनच विचारलं, “त्यात फॅट दावतं का?”

म्हशीच्या दुधाचा दर मुख्यतः फॅटवर हलतो. गायीच्या दुधाला ३.५ फॅट आणि ८.५ एसएनएफ पायाला धरून दर बांधतात. म्हणजे फॅट हा पैशाचाच आकडा, हे मला माहीत होतं. मला माहीत नव्हतं ते हे, की फॅट हा जनावराच्या तब्येतीचाही आकडा आहे. फॅट उतरली तर पेंड बदलली का, ओला चारा जास्त झाला का, म्हैस माजावर आली का, धार काढताना शेवटचं दूध कासेत राहिलं का, हे सगळं त्या एका आकड्यावरून ताडलं जातं. शिवाय तो विश्वासाचाही आकडा आहे. शेजारणीची ६.८ लागली आणि आपली ६.१, दोघींच्या म्हशी एकाच शिवारात चरतात, तर मशिनवर शंका येणारच. आणि रक्कम? ती दहा दिवसांनी बिलात एकदम येते. रोज सकाळी तिचं कुणाला काही नसतं. मी दहाव्या दिवसाचा आकडा डोक्यावर मिरवला होता आणि रोजचा आकडा बटणामागे लपवला होता.

हे इतकं पाल्हाळ लावण्याचं कारण तुमच्या प्रश्नात दडलंय. ‘साधं’ या शब्दाचा तुम्ही आणि बहुधा तुमचे वरिष्ठही ‘रिकामं’ असा अर्थ घेताय. मीही तोच घेतला होता. रिकामा स्क्रीन बनवणं हे टेबलावर बसून जमतं, त्याला कुणाला विचारावं लागत नाही. साधा स्क्रीन टेबलावर बसून ओळखताही येत नाही, कारण साधेपणा चित्रात नसतो. बघणाऱ्याच्या डोक्यात आधीपासून काय आहे आणि समोर काय आलंय, या दोहोंचं किती जुळतं त्यावर तो ठरतो.

त्याच केंद्रावर दुसऱ्या दिवशी एक गोष्ट कानावर पडली. हो, कानावर, डोळ्यांनी मला ती दिसली नव्हती. माप घेणारा मुलगा प्रत्येक वेळी ओरडत होता, “सत्त्याऐंशी! चार दोनशे, सहा आठ!” म्हणजे कोड नंबर ८७, दूध ४.२०० लिटर, फॅट ६.८. रोज दोनदा, वर्षानुवर्षं, हाच क्रम, हीच लय. गावात माणसाला नाव असतं, डेअरीत तो सत्त्याऐंशी नंबर असतो. माझ्या अ‍ॅपमध्ये आत शिरायला मोबाइल नंबर आणि ओटीपी लागत होता, आणि आकड्यांचा क्रम मी कसा लावला होता? इंग्रजी अ‍ॅप बघून. तो क्रम मोडला आणि ओरडण्याचा क्रम जसाच्या तसा स्क्रीनवर आणला. वर कोड नंबर, मग लिटर, मग फॅट, एका ओळीत. ज्यांना वाचायला वेळ लागायचा त्यांनाही आता आकडा कुठला काय ते विचारावं लागत नव्हतं. ओठ हलवत ते मनातल्या मनात ती हाळी वाचत होते.

पुढची गोष्ट कळायला घरात जावं लागलं. मी बाई असल्यामुळे स्वयंपाकघरापर्यंत सहज जाता आलं, त्याचा या धंद्यात फार फायदा होतो. म्हशीचं शेण-चारा-धार सगळं करणाऱ्या त्या काकूंच्या घरी स्मार्टफोन एकच, तो मुलाकडे, आणि मुलगा इचलकरंजीला पाळीवर. संस्थेतलं खातं नवऱ्याच्या नावावर. म्हणजे आम्ही पाठवलेला संदेश ज्याला मिळत होता त्याने म्हैस आठवडाभर पाहिलेली नसायची. आणि भिंतीवर, चुलीपासून दोन हातांवर, खिळ्याला कॅलेंडर. तारखांच्या चौकोनांत पेन्सिलीने बारीक आकडे: वर सकाळचं दूध, खाली संध्याकाळचं. एका चौकोनात नुसती फुली. “त्या दिशी दूध नाय घातलं, पावणे होते.”

शहरातल्या स्वयंपाकघरातही हेच चालतं, फक्त उलट्या बाजूने. १९७३ साली निघालेलं कालनिर्णय घराघरांत पोचलं त्यात पंचांग, सण आणि मागच्या पानावरचा मजकूर यांचा वाटा आहेच, पण त्या चौकोनांत दुधाचा, पेपरचा, मोलकरणीच्या खाड्यांचा हिशेब लिहिता येतो, हीदेखील त्याची मोठी सोय. आपल्याकडे महिन्याचा हिशेब म्हटलं की डोळ्यांसमोर तक्ता येतो, आलेख येत नाही. मी आलेख काढला होता. चढता-उतरता, गोलाई दिलेला, फार सुंदर.

तो टाकून दिला. नवा स्क्रीन म्हणजे महिन्याचं पान. प्रत्येक चौकोन आडवा दुभागलेला, वर सकाळ, खाली संध्याकाळ. दूध नसेल तिथे फुली. १ ते १०, ११ ते २० आणि २१ पासून महिनाअखेर असे तीन पट्टे वेगवेगळ्या फिक्या रंगांत, कारण बिल दर दहा दिवसांचं. एका स्क्रीनवर साठ खाने! कंपनीच्या मालकांनी पाहिलं आणि म्हणाले, “मॅडम, आधीचं किती साधं होतं, हे काय भरताड केलंत?” मी वाद घातला नाही. त्यांना गाडीत घालून केंद्रावर नेलं आणि काकूंच्या हातात फोन दिला. काकूंनी बोट थेट फुलीवर ठेवलं आणि कुठले पाहुणे आले होते ते सांगायला लागल्या.

आता कल्पकतेचं. वरच्या हकिकतीत लोकांनी मला काय सांगितलं? कॅलेंडरसारखा स्क्रीन करा, असं एकानेही सांगितलं नाही. विचारलं असतं तर ‘छान आहे हेच’ म्हणाले असते. फॅट हवी एवढंच कळलं, बाकी भिंतीवर दिसलं, कानावर आलं. त्यातून काय उचलायचं, काय सोडायचं, खिळ्यावरचं पान तीन बोटं रुंदीच्या काचेत कसं बसवायचं, दोन रंगांतला फरक उन्हात दिसेल का, हे सगळं माझंच. अभ्यासातून उत्तर मिळत नाही, फार तर चार चुकीची दारं बंद होतात. पाचवं तुम्हालाच उघडावं लागतं, आणि तिथे चित्रकलेचा हात लागतोच.

याचं याहून चांगलं उदाहरण तुमच्या-माझ्या भाषेतच आहे. मोबाइलवर मराठी टाइप करणं ही दहा-बारा वर्षांपूर्वी शिक्षा होती. सरकारी मानक असलेला इनस्क्रिप्ट कळफलक दोन हातांनी, दहा बोटांनी टाइप करणाऱ्यासाठी बेतलेला: स्वर डाव्या हाताला, व्यंजनं उजव्या हाताला. संगणकावर शिकून घेतला की तो झकास चालतो. पण फोनवर एका अंगठ्याने टाइप करणाऱ्या आणि टायपिंग कधीच न शिकलेल्या माणसाला अक्षर शोधण्यातच दम लागतो. आयआयटी मुंबईच्या इंडस्ट्रियल डिझाइन सेंटरमध्ये प्राध्यापक अनिरुद्ध जोशी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी ‘स्वरचक्र’ केलं, ते २०१३च्या सुमारास अँड्रॉइडवर मोफत आलं. व्यंजनं वर्णमालेच्या क्रमाने मांडलेली. ‘क’वर बोट ठेवलं की त्याच्याभोवती चक्र उमलतं: का, कि, की, कु, कू... बोट सरकवायचं आणि उचलायचं. जोडाक्षर हवं तर चक्रातलं ‘क्’ निवडायचं आणि पुढचं व्यंजन घ्यायचं.

लोक अक्षर शोधताना अडखळतात, हे कुठल्याही निरीक्षणातून कळलं असतं. मराठी शाळेत पाटी धरलेल्या प्रत्येकाच्या डोक्यात वर्णमाला आणि बाराखडी तोंडपाठ बसलेली आहे, हेही नवीन नाही. पण बाराखडी ओळीत असते. ती ओळ वळवून बोटाभोवती गोल करणं ही उडी आहे, आणि ती कुठल्याही प्रश्नावलीत सापडली नसती. तरीही ती हवेतून आलेली नाही, ती पहिलीच्या वर्गातून आली आहे. तुम्ही विचारता की कल्पकतेला काम काय उरतं. हे उरतं.

साधेपणाबद्दल एक मुद्दा मात्र आपल्या धंद्यात कमी बोलला जातो, आणि दुधाच्या अ‍ॅपमध्ये मी नेमकी तिथेच दुसऱ्यांदा आपटले. गुंतागुंत नाहीशी होत नाही, ती एका डोक्यावरून दुसऱ्या डोक्यावर जाते. तेव्हा साधं ‘कुणासाठी’ हा प्रश्न विचारायचाच, पण ‘कुणाच्या जिवावर’ हाही विचारायचा.

मतदान यंत्राकडे पाहा. (यंत्रावर विश्वास ठेवावा का, हा वाद इथे नको, थोडं पुढे त्याला हात लावणार आहे तेवढं पुरे.) त्याच्या घडणीचं काम पवईच्या त्याच इंडस्ट्रियल डिझाइन सेंटरमधल्या ए. जी. राव आणि रवी पूवय्या या प्राध्यापकांनी केलं. मतदारासमोर काय असतं? नाव, चिन्ह, निळं बटण. दाबलं की लाल दिवा, लांब बीप, संपलं. दुसऱ्यांदा दाबा, दहांदा दाबा, काही होत नाही. पण हा साधेपणा कुठून येतो? पाच मीटर केबलच्या दुसऱ्या टोकाला मतदान अधिकारी बसलेला असतो. प्रत्येक मतदारासाठी कंट्रोल युनिटवरचं ‘बॅलट’ बटण तो दाबतो तेव्हाच यंत्र एक मत घ्यायला तयार होतं. सकाळी मतदान सुरू होण्याआधी प्रतिनिधींसमोर चाचणी मतदान, ती मतं पुसणं, मोहोरबंदी, संध्याकाळी ‘क्लोज’. किचकट भाग सगळा त्या बाजूला ढकललाय, आणि ते बरोबर आहे, कारण अधिकाऱ्याला प्रशिक्षण देता येतं, मतदाराला नाही. मतदार पाच वर्षांतून एकदा येतो आणि पडद्याआड एकटा असतो. तिथे ‘मदत’ असं बटण ठेवून चालत नाही.

आणखी एक बारकावा मला फार आवडतो. यंत्र आलं तरी मतपत्रिका गेली नाही. ती बॅलट युनिटवर काचेसारख्या झाकणाखाली लावली जाते, तीच नावं, तीच चिन्हं, एकाखाली एक. पूर्वी शिक्का मारायची जागा होती तिथे आता बटण आहे. शिक्का दोन चिन्हांच्या मधल्या रेघेवर पडला की मत बाद व्हायचं, तो प्रकार संपला. लोकांच्या डोक्यातला कागद तसाच ठेवून हाताची एकच कृती बदलली.

त्या आधीची पायरी याहूनही साधी होती, आणि साधेपणाची किंमत तिथे स्पष्ट दिसते. १९५१-५२ च्या पहिल्या निवडणुकीत देशात साक्षर माणसं शंभरात जेमतेम अठरा. मग प्रत्येक उमेदवाराची स्वतंत्र पेटी ठेवली, पेटीवर त्याचं चिन्ह. मतदाराने कोरी मतपत्रिका आवडत्या पेटीत टाकायची. लिहायचं नाही, शिक्का मारायचा नाही. याहून सोपं काय असणार? पण त्यासाठी देशभर लाखो पोलादी पेट्या लागल्या. बारा लाखांहून अधिक तर एकट्या गोदरेजने विक्रोळीच्या कारखान्यात बनवल्या. बाहेरून लावायचं कुलूप महाग पडत होतं म्हणून आतल्या आत बंद होणारी कळ शोधली गेली. ही स्वतंत्र पेट्यांची पद्धत दोन सार्वत्रिक निवडणुका चालली. १९६२ पर्यंत एकाच मतपत्रिकेवर सगळी नावं आणि शिक्का, ही पद्धत देशभर आली. मतदाराचं काम थोडं वाढलं, व्यवस्थेचं पुष्कळ घटलं. तोवर मतदारही दोनदा मत देऊन तयार झाला होता.

त्याच पहिल्या निवडणुकीतली आणखी एक गोष्ट फॉर्म बनवणाऱ्या प्रत्येकाने लक्षात ठेवावी. मतदार यादीसाठी माणसं दारोदार फिरली. विचारायचं काय, तर नाव. याहून साधा रकाना नसेल. पण कितीतरी घरांतल्या बायकांनी परक्या पुरुषाला स्वतःचं नाव सांगितलं नाही, ‘अमक्याची बायको’, ‘तमक्याची आई’ एवढंच सांगितलं. तशीच नोंद झाली, आणि पुढे नाव नाही म्हणून सुमारे अठ्ठावीस लाख स्त्रिया यादीतून गळल्या. रकाना साधाच होता. त्याच्यापुढे कोण उभं आहे ते पाहिलं गेलं नव्हतं.

मी म्हटलं होतं तो विश्वासाचा मुद्दा आता. यंत्राने कागद काढून टाकला, काम सुटसुटीत झालं. पण आपलं मत कुठे गेलं ते दिसेना. शेवटी २०१३ पासून व्हीव्हीपॅट, म्हणजे मताची छापील चिठ्ठी दाखवणारं यंत्र, जोडायला सुरुवात झाली, आणि २०१९च्या लोकसभेला ते सगळ्या केंद्रांवर होतं. बटण दाबल्यावर चिन्हाची चिठ्ठी काचेमागे सात सेकंद दिसते आणि पेटीत पडते. मत नोंदवायला त्या चिठ्ठीची गरज नाही, गरज आहे ती बघण्याची. यंत्र वाढलं, खर्च वाढला, बिघडणारी एक वस्तू वाढली, तरी ती आणावी लागली. मला तिथे काकूंची मुठीतली पावती दिसते. फोनमध्ये आकडा असूनही त्या पावती उलगडून बघायच्या.

तर माझं दुसरं आपटणं. दहा दिवसांच्या पट्ट्याखाली मी ‘आतापर्यंतचं बिल’ दाखवलं. लोक खूश. दहाव्या दिवशी प्रत्यक्ष बिल हातात आलं ते कमी! कारण पशुखाद्याच्या पोत्याचे पैसे, उचल, भागभांडवल अशा कपाती संस्थेचे सचिव दहाव्या दिवशी रात्री बसून एकदम वहीतून चढवायचे. अ‍ॅपला त्या आधी माहीतच नसायच्या. बरोबर आकडा दाखवायचा तर सचिवांनी रोजच्या रोज नोंद करायला हवी. ते म्हणाले, “ताई, सकाळ-संध्याकाळ दूध, मधे शेती, तुमच्या ॲपसाठी मी रोज तासभर बसू?” त्यांचं बरोबर होतं. दूध घालणाऱ्या पंधरा जणांशी मी बोलले होते, आणि ज्याच्या हाताने सगळा हिशेब व्हायचा त्या एका माणसाशी नाही. दोन महिने गावात ‘अ‍ॅप एक सांगतंय, संस्था एक देतेय’ अशी कुजबुज चालली आणि शिव्या सचिवांनी खाल्ल्या. शेवटी रकमेपुढे ‘कपातीआधी’ असा शब्द घातला आणि पोतं उचलताना तिथेच कोड नंबर टाकला की कपात चढेल अशी सोय गोदामातल्या मुलाकडे दिली. पूर्ण सुटलं नाही. उचलीचं कोडं मी काम सोडेपर्यंत तसंच होतं.

आता तुमच्या व्यवहारी प्रश्नाकडे येते: पैसे नाहीत, वेळ नाही.

पाच माणसं पुरतात, हे तुम्ही ऐकलं असेल. वापरसुलभतेचे अभ्यासक याकोब नील्सन यांचा तो प्रसिद्ध हिशेब आहे: एका माणसाच्या चाचणीत सरासरी ३१ टक्के अडचणी उघड होतात असं धरलं, तर पाच जणांत सुमारे ८५ टक्के सापडतात. हिशेब चांगला आहे, पण त्याच्या दोन अटी लोक विसरतात. एक, पाच जण एकाच प्रकारचे हवेत. म्हैस सांभाळणाऱ्या पंचावन्न वर्षांच्या काकू आणि इचलकरंजीचा मुलगा हे एका गटात बसत नाहीत. दोन, हा आकडा चुका शोधण्यासाठी आहे. ‘किती टक्के लोकांना आवडलं’ हे पाच जणांवरून सांगायला जाऊ नका, हसं होईल. आणि पाच जणांना एकदम गाठण्यापेक्षा तीन जणांना दाखवा, बदला, मग पुढच्या तिघांना दाखवा. मला तरी यानेच जास्त मिळालं आहे.

ऑफिसातल्या सहकाऱ्याला दाखवणं म्हणजे चाचणी नव्हे. त्याला तुमचा स्वभाव माहीत असतो.

आपल्याकडे खरी अडचण माणसं मिळण्याची नसते, ती भिडस्तपणाची असते. महाराष्ट्रात पाहुण्याला ‘तुमचं काम मला कळलं नाही’ असं तोंडावर कुणी सांगत नाही. ‘छान आहे की!’ म्हणतात आणि चहा ठेवतात. ‘छान’ या शब्दाची नोंद मी वहीत करतच नाही. त्यामुळे ‘कसं वाटलं?’, ‘तुम्ही हे वापराल का?’ हे प्रश्न टाळा, त्यांची उत्तरं गोडच येतात. ‘काल काय केलंत ते दाखवा’ म्हणा. ‘मागच्या वेळी बिल चुकलं तेव्हा कुणाकडे गेलात?’ असं विचारा. घडलेली गोष्ट सांगताना माणूस सौजन्य विसरतो आणि तपशिलात शिरतो. मग फोन हातात द्या, एक काम सांगा, उदाहरणार्थ ‘परवा संध्याकाळची फॅट शोधा’, आणि गप्प बसा. गप्प बसणं हे सगळ्यांत अवघड. समोरचा अडला की आपली जीभ वळवळते, बोट पुढे जातं. मी हात पाठीमागे बांधून उभी राहते, अक्षरशः.

खोलीत आणखी कोण आहे तेही पाहा. सासूबाई बसल्या असतील तर सूनबाई फोन येत नाही असं सांगतील. सरपंच सोबत आले तर संस्थेविरुद्ध कुणी ब्र काढणार नाही. ओळख करून द्यायला कुणीतरी लागतंच, पण ओळख झाली की त्याला चहाला पाठवा. सगळ्यांत मोकळं बोलणं होतं ते माणसाचे हात कामात असताना. म्हणून बैठकीत बसवून मुलाखत घेण्यापेक्षा रांगेत उभं राहणं बरं. एका फेरीचा माझा खर्च म्हणजे एसटीचं तिकीट, दोन वेळचं जेवण आणि बिस्किटांचे पुडे. तुमचं अ‍ॅप शहरातल्यांसाठी असेल तर तेवढाही नाही.

शब्दांचीही अशीच परीक्षा घ्या. ‘सबमिट’ला मी मोठ्या उत्साहाने ‘जमा करा’ असं मराठी केलं होतं. डेअरीत ‘जमा’ म्हणजे खात्यावर पडलेले पैसे, आणि त्याच्या उलट ‘नावे’, म्हणजे खात्यातून वजा झालेले. एका काकांनी ते बटण दाबलंच नाही. “आधी पैसे जमा करायला सांगतंय,” म्हणाले. ‘सादर करा’ म्हटलं तर कचेरीचा वास येतो. शेवटी ‘पाठवा’ केलं. ‘तपशील’चं ‘सगळं बघा’ झालं. भाषांतरकाराला हे शब्द सापडले नसते, त्याची चूकही नसती.

आणि अक्षरं. इंग्रजी स्क्रीनच्या चौकटीत मराठी ओतलं की ओळीवरच्या वेलांट्या, मात्रा आणि वरच्या ओळीतले उकार एकमेकांत अडकतात. देवनागरीला ओळींमध्ये जास्त अंतर लागतं, ते द्या, मग बाकी साधेपणाच्या गप्पा मारा. ‘ल’ आणि ‘श’ मराठी वळणाचे आहेत का पाहा, बऱ्याच फॉन्टमध्ये हिंदी वळणाचे येतात. मुंबईच्या ‘एक टाइप’ या फॉन्ट बनवणाऱ्या संस्थेने केलेला ‘मुक्ता’ हा फॉन्ट मोफत मिळतो आणि लहान आकारात नीट वाचता येतो. मी बऱ्याचदा तिथून सुरुवात करते. आकडे देवनागरी की इंग्रजी, हा प्रश्नही ऑफिसात वाद घालून सोडवू नका. माझ्या केंद्रावर लोक वहीत देवनागरी आकडे लिहायचे आणि मशिनवरचे इंग्रजी आकडे वाचायचे, दोन्ही सहज. मशिनशी ताडून बघायचं म्हणून स्क्रीनवर इंग्रजी आकडे ठेवले. दुसऱ्या कामात कदाचित उलट करेन.

राहिले तुमचे वरिष्ठ. ‘साधं ठेव’ म्हणाले की ‘कुणासाठी?’ असं विचारून पाहा, उद्धटपणे नको, खरंच जाणून घ्यायचंय अशा आवाजात. बहुतेक वेळा त्यांच्या मनात स्वतःचाच डोळा असतो. ‘युजरला विचारलंस का?’ म्हणाले की ‘विचारलं नाही, पाहून आलो’ असं सांगता येईल इतपत तरी बाहेर पडा. महिन्यातून एक सकाळ पुरे. आणि पुढची नोकरी शोधताना कामाचं जे बाड दाखवाल त्यात शेवटचा सुंदर स्क्रीन एकटा ठेवू नका. त्याच्या आधीचा चुकलेला स्क्रीनही ठेवा, आणि तो कुणाच्या हातात, कुठल्या प्रश्नावर पडला तेही लिहा. माणसं निवडायला मी बसते तेव्हा पहिल्यांदा तेच पान शोधते.